गोल ट्रॅक की अखंड वाट? धावणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

मागच्या अंकात पादचाऱ्यांच्या रस्त्यांविषयीची उत्तरे छापून आली, त्यानंतर आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रे धावणाऱ्यांची निघाली. कोकणात पहाटे धावणारे पूर्वीही होते, परंतु ते बहुतांशी पोलीस भरतीची तयारी करणारे असत; भरतीत मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटर धावायचे असते, आणि ते अंतर महामार्गाच्या कडेला पावलांनी मोजून त्यांचा सराव चाले. आता त्यांच्या जोडीला बँकेतले, शाळेतले, दुकानातले चाळिशी-पन्नाशीचे लोक आणि बऱ्याच गृहिणीही आल्या आहेत. गावाची रचना मात्र यांपैकी कोणालाही गृहीत धरून झालेली नाही. मी नगररचना विभागातून निवृत्त झालो असून स्वतःही पहाटे धावतो, म्हणजे आता निम्मे धावतो आणि निम्मे चालतो, म्हणून संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. जागेअभावी पत्रांचा मजकूर थोडक्यात घेतला आहे.

प्रश्न: आमच्या शहरातील एका लहान उद्यानात जॉगिंग ट्रॅक होणार आहे. एक फेरी जेमतेम 180 मीटरची होईल आणि वर रंगीत पेव्हर ब्लॉक बसवणार आहेत. नागरिकांकडून सूचना मागवल्या आहेत. आम्ही पाच-सहा जण रोज धावतो. काय सुचवावे? (रत्नागिरी जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर: सूचना काम सुरू होण्याआधी मागवल्या आहेत ही चांगली गोष्ट आहे, कारण काम झाल्यावर सूचना देणारे आपल्याकडे पुष्कळ असतात. 180 मीटरच्या फेरीने पाच किलोमीटर धावायचे तर 28 फेऱ्या होतात, आणि उद्यानाला चार कोपरे धरले तर शंभराहून अधिक वेळा एकाच बाजूला वळावे लागते. अशी फेरी शतपावली करणाऱ्या ज्येष्ठांना आणि नातवंडांना घेऊन येणाऱ्यांना सोयीची असते. ती त्यांच्यासाठी जरूर व्हावी, परंतु तिला धावण्याचा ट्रॅक असे नाव देऊन धावणाऱ्यांची सोय झाली असे कोणी समजू नये. क्रीडांगणावरचा 400 मीटरचा प्रमाणित ट्रॅकसुद्धा वेगाचा सराव करणाऱ्या खेळाडूंसाठी असतो. रोज सकाळी अर्धा-पाऊण तास धावणाऱ्या सामान्य माणसाला घरापासून सुरू होऊन घरी परत आणणारी आणि मध्ये कुठेही न तुटणारी वाट लागते. या विषयातले माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे, आणि खालच्या बहुतेक उत्तरांत ते या ना त्या रूपाने पुन्हा येईल.

वाट तुटते म्हणजे नेमके काय होते, ते समजून घेण्यासाठी आपण सहा जणांनी एक सकाळ खर्च करावी. आपल्या नेहमीच्या मार्गावर वही घेऊन चालत जावे आणि जिथे जिथे पाऊल अडखळते, थांबते किंवा फुटपाथवरून रस्त्यावर उतरावे लागते, ती प्रत्येक जागा लिहून काढावी. मी माझ्या गावात हे केले तेव्हा तीन किलोमीटरांत वहीचे दीड पान भरले: फुटपाथच्या मधोमध विजेच्या डीपीची पेटी, शहाळेवाल्याच्या गाडीमागे रिकाम्या शहाळ्यांचा ढीग, गटारावरची एक फरशी गायब आणि तिच्या जागी ओळखीची खूण म्हणून खोचलेली झावळी, बंगल्याच्या फाटकासाठी फुटपाथ कापून केलेला उतार, आणि शेवटी एका मोरीपाशी फुटपाथच संपलेला. यांतल्या बहुतेक गोष्टी दुरुस्त करायला जॉगिंग ट्रॅकइतका खर्च येत नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक तत्त्वांत चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंदी आणि 2.2 मीटर उंची मोकळी असावी, तसेच फुटपाथचा काठ 150 मिलिमीटरपेक्षा उंच नसावा असे सांगितले आहे. दोघे गप्पा मारत चालत असताना तिसऱ्याला बाजूने धावत जाता यायला हवे असेल, तर माझ्या मते अडीच मीटर तरी लागतात. ही मोजमापे लिहून, वहीतली पाने जोडून निवेदन दिले तर ते बाजूला ठेवणे अधिकाऱ्याला अवघड जाते, हे मी त्या खुर्चीत बसलेला असल्यामुळे सांगू शकतो.

आता पेव्हर ब्लॉकविषयी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. ब्लॉकखालची भुकटी पहिल्या दोन पावसाळ्यांत धुऊन जाते, ब्लॉक खाली-वर होतात, त्यांच्या सांध्यांत शेवाळ धरते आणि धावणाऱ्याचा पुढचा चवडा नेमका त्या उंचावलेल्या कडेला अडकतो. गुळगुळीत रंगीत फरशी त्याहून वाईट. जांभ्याच्या मातीची चोपलेली वाट पायाला बरी लागते, पण तिला दोन्ही अंगांना चर आणि आडवा उतार नसेल तर आषाढात तिचा व्हाळ, म्हणजे ओहोळ, होतो. सगळ्या बाजूंनी विचार केला तर आपल्या हवेत साधा, खडबडीत डांबरी पृष्ठभाग सर्वांत कमी त्रासाचा ठरतो. काँक्रीट टणक असते म्हणून गुडघे जातात ही भीती अवाजवी आहे, कारण पृष्ठभाग जितका टणक तितका पाय आपोआप थोडा अधिक नरम पडतो. गुडघ्याला खरा धोका तिरक्या आणि उखडलेल्या पृष्ठभागाचा असतो.

शेवटची सूचना आपल्या भूगोलाची आहे. कोकणातली शहरे सपाटीवर वसलेली नाहीत. जुनी पेठ खाली खाडीपाशी असते, नवी वस्ती वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, असते आणि दोहोंच्या मध्ये घाटी असते; रत्नागिरीतच मारुती मंदिराचा परिसर वर आणि मांडवी-भाट्ये खाली आहे. अशा ठिकाणी वाट आखताना समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा पुढे घेऊन डोंगराच्या कुशीने एका पातळीत जाणारा मार्ग शोधावा आणि त्याला जुन्या पाखाड्यांनी वर-खाली जोडून घ्यावे. जांभ्याच्या पायऱ्यांच्या या पाखाड्या वाड्यांना जोडण्यासाठीच बांधलेल्या होत्या, त्यांची जमीन बहुधा सार्वजनिकच असते, आणि दोन पायऱ्या बदलून एका बाजूला कठडा लावला की त्या पुन्हा वापरात येतात. सिंगापूरने उद्याने जोडणाऱ्या वाटांचे 300 किलोमीटरहून मोठे जाळे केले, त्यासाठी नाल्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेला राखून ठेवलेल्या पट्ट्यांचाच मोठा उपयोग झाला. आपल्याकडे पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला तसा पट्टा असतो. तिथे अतिक्रमण होण्याआधी वाट झाली तर ती टिकते, आणि पऱ्ह्या ओलांडायला एखादा साकव पुरतो.

प्रश्न: आमच्या गावाला सहा किलोमीटरची चौपाटी आहे. धावायला याहून चांगली जागा कुठली? नगरपंचायतीने वेगळा खर्च कशाला करावा? (गुहागर)

उत्तर: आपल्या चौपाटीचा हेवा वाटतो हे आधी कबूल करतो. पण चौपाटी रोज सकाळी सहा वाजता जागेवर असतेच असे नाही. आपल्याकडच्या जुन्या जाणत्या दर्यावर्दींचा ठोकताळा आपल्याला ठाऊक असेलच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास समुद्र भरलेला असतो आणि धावायला वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूचा पट्टा तेवढा उरतो. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, म्हणून सकाळी सहाला ओहोटी असते आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांब मागे गेलेले असते. त्या चार-पाच सकाळी घट्ट ओल्या वाळूवर मनसोक्त धावावे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, वाळूचा पट्टा उघडा पडतो तोही अरुंद. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि ज्याला साडेआठला कामावर हजर व्हायचे आहे त्याला आपली वेळ तशी सरकवता येत नाही.

भुसभुशीत वाळूवर धावायला टणक जमिनीच्या तुलनेत सुमारे 1.6 पट ऊर्जा लागते असे 1998 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मोजले गेले आहे. शक्ती वाढवण्यासाठी ते ठीक आहे, पण नव्याने धावू लागलेल्याच्या पोटऱ्या आणि टाचेमागची शीर त्याने धरते. त्यात किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एकाच दिशेने सहा किलोमीटर गेल्यास एक पाय सतत वर आणि एक खाली पडतो. गेलात तसेच परत यावे.

म्हणून नगरपंचायतीने सुरूच्या बनाच्या गावाकडच्या बाजूने किंवा वाडीतल्या रस्त्याने चौपाटीला समांतर एक वाट धरावी आणि दर अर्ध्या किलोमीटरवर तिला चौपाटीशी जोडावे. चौपाटीवर मात्र काहीही बांधू नये. काँक्रीटच्या भिंतीवर आदळून परतणारी लाट समोरची वाळू ओढून नेते आणि ज्या वाळूवर धावायचे तीच कमी होते. किनारा नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेमुळे तिथल्या बांधकामाला परवानगी घ्यावी लागते हा भाग वेगळाच.

प्रश्न: मी पहाटे साडेपाचला धावायला जाते. रस्ता अंधारा असतो, म्हणून पती सोबत येतात; ते नसतील त्या दिवशी मी जात नाही. आम्ही दिव्यांची मागणी करत आहोत. त्याने प्रश्न सुटेल का? (दापोली तालुका)

उत्तर: अर्धा सुटेल. आपण "ते नसतील त्या दिवशी मी जात नाही" असे लिहिले आहे, ते एक वाक्य मी कोणत्याही नगररचनेच्या अहवालात पहिल्या पानावर घालीन, कारण एखादी वाट चांगली आहे की नाही याची कसोटी त्यावर एकटी बाई अंधारात जाऊ शकते की नाही हीच आहे.

दिव्यांची मागणी करताना किती दिवे यापेक्षा कुठे आणि कसे हे लिहावे. दोन खांबांमध्ये अंधाराचे डबके राहिले तर डोळा उजेडाला सरावतो आणि अंधारातले काहीच दिसत नाही. त्यापेक्षा मंद पण सलग उजेड बरा. आपल्याकडे खांब उभा केला जातो आणि तीन वर्षांत आंब्याच्या फांद्या दिव्याच्या वर आणि खाली पसरतात, मग उजेड झाडाच्या डोक्यावर पडतो आणि वाट काळोखीच राहते. म्हणून वाटेवरचे दिवे झाडाच्या पसाऱ्याखाली, चार-पाच मीटर उंचीच्या खांबांवर असावेत आणि त्यांचा झोत खाली असावा. दिवे पहाटे किती वाजता बंद होतात हेही विचारावे. डिसेंबर-जानेवारीत कोकणात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि साडेसहाला बंद होणारे दिवे धावणाऱ्यांच्या ऐन वेळेला जातात.

उरलेला अर्धा भाग माणसांचा आहे. जुन्या घरांना कमरेइतका गडगा असे, त्यामुळे अंगणात सडा घालणाऱ्या बाईला रस्त्यावरचे माणूस दिसे आणि रस्त्यावरच्या बाईला ती दिसे. आता दोन-दोन मीटर उंचीच्या चिरेबंदी भिंती उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांच्या मधून जाणारा रस्ता दिवे लावूनही बोगद्यासारखा वाटतो. म्हणून वाट निवडताना शक्यतो जिथे पहाटे कोणी ना कोणी जागे असते अशा बाजूने न्यावी: दूध संकलन केंद्र, एसटी स्टँड, मासळी उतरते तो धक्का, वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडतात तो नाका. रस्त्याकडच्या कुंपणाचा वरचा भाग जाळीचा ठेवावा अशी अट बांधकाम परवान्यात घालणे ही खर्चाची बाब नाही.

एक अपवाद लक्षात ठेवावा. आंजर्ले, वेळास यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि पिल्ले बाहेर पडल्यावर ज्या बाजूला अधिक उजेड त्या बाजूला सरकतात. तिथे समुद्राच्या दिशेने एकही दिवा नको. धावणाऱ्यांनीही विणीच्या दिवसांत घरट्यांच्या कुंपणापासून लांब, ओल्या वाळूवरूनच जावे.

प्रश्न: वाशिष्ठीच्या काठाने पक्की भिंत घालून वर धावण्याचा मार्ग करावा अशी आम्हा मित्रांची कल्पना आहे. पूर आला तरी शहराचे रक्षण होईल आणि मार्गही मिळेल. (चिपळूण)

उत्तर: मार्गाची कल्पना चांगली आहे, भिंतीची कल्पना कृपया सोडून द्यावी. जुलै 2005 आणि 22 जुलै 2021 या दोन्ही पुरांचा अनुभव आपल्या शहराने घेतलेला आहे, आणि त्या पाण्याला पसरायला जागा लागते हे मी चिपळूणकरांना सांगणे म्हणजे आगाऊपणा होईल. एका ठिकाणी भिंतीने अडवलेले पाणी समोरच्या किंवा खालच्या वस्तीत जाते, आणि मागून शहरात शिरलेले पाणी बाहेर पडायला तीच भिंत आडवी येते.

नदीकाठच्या जमिनीसाठी पाटबंधारे खाते दोन पूररेषा आखते. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवणारी ती निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध क्षेत्र म्हणून मोकळा ठेवायचा असतो. तिथे इमारत नको, पण शेती, बाग, खेळाचे मैदान चालते. धावण्याची वाट या पट्ट्यासाठी जणू मापून केल्यासारखी आहे, कारण ती वर्षातून दहा-बारा दिवस पाण्याखाली गेली तरी कोणाचे काही बिघडत नाही, आणि उरलेले दिवस ती वापरात असल्यामुळे तिथे रातोरात भराव टाकून दुकान उभे राहत नाही. माझ्या मते पूररेषेचा याहून चांगला राखणदार नाही. मात्र ती वाट जमिनीच्या पातळीत असावी, तिच्यासाठी भराव नको, कठडे नकोत, बाके असतीलच तर जांभ्याची असावीत, आणि पुराने आणलेला गाळ काढण्याची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळी असावी. गाळ काढण्याचे कोणी योजत नाही, म्हणून अशा वाटा दुसऱ्या वर्षी चिखलात गाडल्या जातात.

प्रश्न: मी नगरपंचायतीचा सदस्य आहे. आमच्याकडे निधी नाही आणि मोकळी जागाही नाही. धावणाऱ्यांसाठी काय करता येईल? (सिंधुदुर्ग जिल्हा)

उत्तर: आपण सदस्य असून हा प्रश्न विचारलात याबद्दल आभार. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन आणि उद्याने, बागा व क्रीडांगणे पुरवणे हे दोन्ही विषय आहेत, तेव्हा हे काम आपल्या अखत्यारीतलेच आहे.

जागेपासून सुरुवात करू. जागा नाही असे म्हणण्यापूर्वी आपल्या विकास आराखड्यातील आरक्षणांची, म्हणजे सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जमिनींची, यादी काढून प्रत्येक जागेवर स्वतः जाऊन यावे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर ते आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. मी नोकरीत असताना एका लहान शहरात क्रीडांगणाच्या आरक्षणाचे असेच झाले. मालकाची नोटीस आवक-बारनिशीत, म्हणजे आलेल्या टपालाच्या नोंदवहीत, नोंदली गेली होती, तिच्यावर शिक्का होता, तारीख होती, आणि ती पाणीपट्टीच्या थकबाकीच्या फायलीत लावलेली सापडली तेव्हा मुदत टळून चार महिने झाले होते. ती फाईल माझ्या टेबलावरूनही एकदा गेली होती, मी ती उघडून पाहिली नव्हती. आज तिथे तीन मजली इमारत आहे आणि शेजारच्या गल्लीला लोक अजून ग्राउंडचा रस्ता म्हणतात. आपल्या नगरपंचायतीत कलम 127 च्या नोटिशींची स्वतंत्र नोंदवही आहे का, एवढे एक विचारून पाहावे.

दुसरी जागा आपल्या डोळ्यांसमोर तयार होत असते. डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. प्रत्येक विकासक ती आपल्या सोयीने मागच्या कोपऱ्यात, घळीत किंवा उताराला ठेवतो. शेजारशेजारच्या अभिन्यासांतल्या खुल्या जागा एकमेकांना लागून येतील असा आग्रह मंजुरीच्या वेळी धरला, तर चार-पाच वर्षांत कोणताही मोबदला न देता एक सलग पट्टा उभा राहू शकतो. आराखड्याच्या सुधारणेचे काम निघेल तेव्हा हरकती-सूचनांच्या मुदतीत धावणाऱ्यांची वाट नकाशावर रेघ मारून मागावी. नुसते निवेदन पुरत नाही.

निधी नसेल तर वेळ वापरावा. कोलंबियातील बोगोटा शहरात 1974 पासून रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन मुख्य रस्ते वाहनांना बंद होतात, आणि आज सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता लोकांना चालायला, धावायला आणि सायकल चालवायला मोकळा मिळतो. त्यासाठी त्यांनी नवा रस्ता बांधला नाही. आपल्याकडे एवढे नको. रविवारी पहाटे साडेपाच ते साडेसात, बाजारपेठ उघडण्याआधी, पेठेतला दीड-दोन किलोमीटरचा रस्ता पोलीस आणि जिल्हा प्रशासनाच्या संमतीने बंद ठेवून पाहावा. मासळीच्या टेम्पोला आणि एसटीला कोणत्या बाजूने सोडायचे हे आधी ठरवावे, नाहीतर पहिल्याच रविवारी भांडण होईल. शाळांची मैदाने सकाळी शाळा भरेपर्यंत उघडी ठेवण्याचा ठराव हा दुसरा फुकटचा उपाय आहे. मुख्याध्यापकांची अडचण बहुधा फाटकाची किल्ली कोणाकडे राहील एवढीच असते.

प्रश्न: भटक्या कुत्र्यांमुळे मी मार्ग तीन वेळा बदलला. नगर परिषदेला सांगून उपयोग होत नाही. (मालवण)

उत्तर: प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 प्रमाणे निर्बीजीकरण आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, तेव्हा लेखी तक्रार करत राहावे. परंतु कुत्री कुठे जमतात हेही पाहावे: मासळी बाजाराचे पाणी सोडतात तिथे, चिकनच्या दुकानामागे, हॉटेलचे उरलेले टाकतात त्या नाक्यावर. नव्या वाटेची आखणी या जागांपासून दूर करणे आणि कचरा पहाटेऐवजी रात्रीच उचलणे याने जो फरक पडतो तो काठी घेऊन धावल्याने पडत नाही. कुत्रे अंगावर आलेच तर धावणे थांबवून चालत, त्याच्याकडे तोंड ठेवून पुढे जावे.

प्रश्न: मोती तलावाभोवती सकाळी चालणाऱ्यांची इतकी गर्दी असते की धावणाऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागते. शिवाय रस्त्यावर डाव्या बाजूने धावावे की उजव्या? (सावंतवाडी)

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. फुटपाथ नसेल तिथे उजव्या बाजूने धावावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. मात्र पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडांना उतरता केलेला असतो, आणि आपल्यासारख्या अतिपावसाच्या भागात हा उतार अधिक ठेवतात. त्यामुळे कायम एकाच कडेने धावणाऱ्याच्या कंबरेच्या आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागते. जिथे रहदारी अगदी नसेल तिथे थोडा वेळ मध्याकडे सरकून धावावे.

मोती तलावाची बांधणी 1874 सालची, आणि तो इतका मनाजोगता आहे की सगळे शहर तिथे लोटते, यात कोणाचा दोष नाही. शिकागो शहराच्या तलावाकाठी 29 किलोमीटरची वाट आहे. तिथेही सायकलस्वार आणि पायी जाणारे एकमेकांच्या अंगावर येऊ लागले, तेव्हा 2018 साली दोघांच्या वाटा शेवटपर्यंत वेगळ्या केल्या गेल्या. आपल्याकडे तेवढी रुंदी नाही, म्हणून सर्वांनी एकाच दिशेने जावे, चालणाऱ्यांनी तलावाच्या बाजूने आणि धावणाऱ्यांनी बाहेरून, अशी एक पांढरी रेघ आणि दोन फलक यांवर काम भागवावे. चौघांनी हात धरून ओळीने चालण्यावर मात्र नगररचनाशास्त्रात उपाय नाही. झाराप ते पत्रादेवी हा मार्ग झाल्यापासून गोव्याची अवजड वाहतूक शहराबाहेरून जाते. त्यामुळे शहरातल्या जुन्या रस्त्याची कड पहाटेच्या वेळी धावणाऱ्यांना देण्याजोगी झाली आहे, आणि तलावाची फेरी ही त्या लांब वाटेची एक कडी झाली तर गर्दीही विरळ होईल.

प्रश्न: आमच्या नव्या रस्त्याच्या कडेला शोभेची पाम झाडे लावत आहेत. धावणाऱ्यांच्या दृष्टीने कोणती झाडे योग्य? (अलिबाग)

उत्तर: पामची सावली फक्त पामलाच मिळते. आपल्याकडे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये हवेत इतका ओलावा असतो की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणून आठ वाजताच्या उन्हात सावलीचा रस्ता आणि उघडा रस्ता यांत धावणाऱ्याला जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उंडी आणि करंज उत्तम तग धरतात आणि दोन्हींची सावली दाट असते. थोडे आत बकुळ लावावी. उंडीची गोल फळे पायाखाली घरंगळतात, म्हणून ती वाटेपासून दीड-दोन मीटर मागे असावी. नारळ आणि फणस वाटेच्या वर नकोत, कारण सांगायला नको. खड्डा तीन फूट खोल खणून जांभा फोडल्याशिवाय लावलेले झाड कातळावर पहिल्या उन्हाळ्यात मरते, आणि कंत्राटात रोपांची संख्या असते, खड्ड्याची खोली नसते. लागवड जूनमध्ये होणार असेल तर मे महिन्यातच जाऊन टेप लावून खड्डे मोजून यावेत.